सिग्नल गेला म्हणजे त्याग झाला का?



यंदाच्या दशलक्षण पर्वात, नेमक्या उत्तम त्याग धर्माच्या दिवशी, मी मंदिरात एका काकूंशी जवळजवळ भांडले. घरी येऊन मला वाईट वाटलं, आणि क्षमावाणीच्या दिवशी मी त्यांची क्षमाही मागितली. पण जे बोलले होते ते मागे घेतलेलं नाही. का, ते आज सविस्तर लिहिते.

आमच्या सासूबाई ८४ वर्षांच्या आहेत. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या खुब्याचं हाड मोडलं आणि मंदिराच्या पायऱ्या त्यांना कायमच्या बंद झाल्या. तेव्हापासून रोज दुपारी टीव्हीवर लागणारं महाराजांचं प्रवचन हाच त्यांचा स्वाध्याय. वेळ झाली की त्या चष्मा पुसतात, पदर सारखा करतात आणि मंदिरात बसावं तशा खुर्चीत बसतात. त्या तासाभरात आमच्या घरी कुणी मोठ्यानं बोलत नाही.

संयम धर्माच्या दिवशी संध्याकाळी मोठा पाऊस झाला आणि चित्र गेलं. पावसात जातं, येईल परत, असं आम्ही म्हटलं. पाऊस थांबला, रात्र झाली, चित्र आलं नाही. दुसऱ्या दिवशी कंपनीला फोन केला, त्यांनी तक्रार लिहून घेतली. गावातल्या डिशवाल्याला फोन केला, तो म्हणाला, "वहिनी, अनंत चतुर्दशी झाल्याशिवाय जमायचं नाही. पोरं सगळी मंडळात आहेत." आमचे हे म्हणाले, "येईल तो. काय एवढी घाई आहे?"

घाई अशी होती की दशलक्षण दहाच दिवसांचं असतं, आणि ८४ वर्षांच्या माणसाला पुढच्या वर्षीचा वायदा कुणी देऊ शकत नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी मंदिरात मी हे सहज बोलून गेले. तर त्या काकू हसून म्हणाल्या, "बरं झालं की! आज त्याग धर्म. तुमच्या घरी टीव्हीचा आपोआप त्याग झाला." चार जणी हसल्या. मीही कसनुसं हसले, आणि मग मला राग आला. मी म्हटलं, "काकू, बंद पडलेला टीव्ही म्हणजे त्याग कसा? मग गॅस संपला की उपवास झाला म्हणायचं का?" बोलणं वाढलं, आवाजही वाढला, ते चुकलंच.

घरी येऊन सासूबाईंना सांगितलं. वाटलं होतं, त्या मलाच रागावतील. त्या थोडा वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, "मी कुठं सोडलंय गं? ते माझ्याकडनं गेलंय."

मैत्रिणींनो, सगळं यातच आलं. त्याग म्हणजे जे आपल्या हातात आहे ते समजून उमजून सोडणं. ज्याच्यावर आपला हातच चालत नाही ते गेलं, तर त्याला अडचण म्हणतात. टीव्ही प्रमाद वाढवतो, वेळ खातो, नको ते घरात आणतो, हे सगळं मला मान्य आहे. ज्यांना चातुर्मासात तो बंद ठेवायचा आहे त्यांनी जरूर ठेवावा, मी त्यांना हात जोडते. पण बटण आपल्या बोटानं बंद करावं. "मेकॅनिक आला नाही" या कारणानं झालेल्या गोष्टीला धर्माचं नाव देऊ नये. आपली असहायता आपण फार लवकर पुण्यात जमा करतो, माझा राग त्यावर आहे.

आणि ही असहायता खरी तरी आहे का? आपण गॅसचा रेग्युलेटर बदलतो. कुकरची रिंग, शिट्टी, व्हॉल्व्ह, सगळं कळतं. मिक्सर नुसता आवाज करत असेल तर भांडं नीट बसलं नाही की ब्लेड अडकलंय, हे आपण कानानं ओळखतो. पण गच्चीवरची ती छत्री आणि तिच्यापासून येणारी एक काळी वायर दिसली की आपण दोन पावलं मागे सरतो आणि म्हणतो, "यातलं मला काही कळत नाही." हे वाक्य आपण नम्रपणे म्हणत नाही. ते म्हणताना आपल्याला थोडं बरंच वाटतं.

त्या दुपारी पाऊस थांबला होता आणि गच्ची वाळली होती. मी वर गेले. त्याआधी लेकीनं फोनवरून जे सांगितलं आणि नंतर मी स्वतः जे शिकले, ते तुम्हाला सांगते. फार अवघड नाही.

आधी टीव्हीवर काय लिहून आलंय ते नीट वाचा. "नो सिग्नल" असं टीव्ही स्वतः म्हणत असेल, म्हणजे नुसती निळी किंवा काळी पाटी फिरत असेल, तर गच्चीवर जायचं कारणच नाही. टीव्हीला बॉक्सकडून काही मिळत नाही, एवढाच त्याचा अर्थ. बॉक्सचा दिवा लागलाय का, ॲडॅप्टर सैल झालाय का, मागची एचडीएमआयची पिन निघालीय का, की नातवंडानं रिमोटवर सोर्सचं बटण दाबलंय, एवढंच बघायचं. पण पाटी कंपनीची असेल, तिच्यावर कंपनीचं चिन्ह आणि एखादा क्रमांक असेल, तर बॉक्स आणि टीव्ही दोघं ठीक आहेत. मग ती पाटी वाचा. रिचार्ज संपलाय, हे वाक्यसुद्धा बऱ्याच घरांत कुणी वाचत नाही आणि मेकॅनिकला फोन जातो.

सिग्नल मिळत नाही असं बॉक्स म्हणत असेल तर त्याच्या सेटिंगमध्ये दोन पट्ट्या दिसतात, स्ट्रेंग्थ आणि क्वालिटी. स्ट्रेंग्थ आहे पण क्वालिटी शून्य असेल, तर वायर बहुधा ठीक आहे आणि छत्रीचं तोंड फिरलंय. दोन्ही शून्य असतील तर वायर, तिच्या टोकाची पिन किंवा छत्रीच्या दांड्यावरचा तो डबा, म्हणजे एलएनबी, यांत दोष आहे. माझ्या दोन्ही पट्ट्या शून्य होत्या. म्हणजे काय बघायचं ते मला खालीच कळलं होतं.

वर जाण्याआधी बॉक्सचा प्लग भिंतीतून काढला. छत्रीकडे जाणाऱ्या वायरीतून बॉक्स १३ ते १८ व्होल्ट पाठवतो, त्यावर एलएनबी चालतो. घरातल्या २३० व्होल्टच्या मानानं हे काहीच नाही, पण पिन काढताना टोकं एकमेकांना लागली तर बॉक्स बिघडू शकतो. म्हणून प्लग काढायचाच. आणि बॉक्सचं झाकण कधीही उघडायचं नाही, तिथे मेकॅनिकच हवा.

एलएनबीची पिन फिरवून काढली, तर आतून पाण्याचा थेंब आला. मधली तांब्याची तार हिरवी पडली होती, देवघरातलं तांब्याचं भांडं न घासता ठेवलं की पडतं तशी. तीन दिवस प्रवचन अडलं होतं ते एवढ्याशा हिरव्या डागासाठी! खराब झालेली दोन बोटं वायर कापली, ब्लेडनं वरचं आवरण सोललं, बाहेरच्या जाळीचे बारीक केस मधल्या तारेला लागणार नाहीत असे मागे वळवले, तार पिनेच्या तोंडातून थोडीशी बाहेर राहील अशी नवी पिन बसवली. पिन हार्डवेअरच्या दुकानातून दहा रुपयांना आणली होती. वर चिकटपट्टी गुंडाळली. लेक म्हणाली, "आई, वायर सरळ खाली सोडू नकोस, पिनेच्या खाली एक झोळ दे, म्हणजे पाणी झोळावरून गळून जाईल, पिनेत शिरणार नाही." तसं केलं. खाली आले, प्लग लावला. पट्ट्या चढल्या. सासूबाईंनी चष्मा पुसायला घेतला.

दोन वर्षांपूर्वी असंच झालं होतं. तेव्हा आलेल्या मुलानं "एलएनबी गेला" म्हणून नवा बसवला आणि साडेसहाशे रुपये घेतले. तेव्हाही नुसती पिनच खराब होती का, हे आता कुणाला कळणार? मी त्याच्यावर आरोप करत नाही. ओल्या गच्च्यांवर आणि पत्र्यांवर चढून पोट भरणाऱ्या पोरांबद्दल माझ्या मनात आदरच आहे. पण ज्याला काही माहीत नाही त्याला कुणी फसवलं की नाही, हेसुद्धा कळत नाही. आणि आपण किती प्रामाणिक माणसांवर मनातल्या मनात उगाच संशय घेत असू, तोही याच अज्ञानातून.

त्या मुलाची आणखी एक गोष्ट मला टोचते. तेव्हा छत्रीच्या मागे कुंभारीण माशीचं मातीचं घर होतं. त्यानं औषधाचा फवारा मारला आणि घर फोडून टाकलं. मी खाली चहा ठेवत होते. नंतर तोच सांगत होता, "वहिनी, घाण होती, साफ केली." आपण पाणी गाळून पितो, पीठ चाळून घेतो, रात्री दिव्याखाली स्वयंपाक करत नाही. पण जे काम आपण दुसऱ्यावर सोपवतो त्यातली हिंसा आपली नाही, असं आपण गृहीत धरतो. कृत, कारित, अनुमोदना, हे तर आपल्याला लहानपणापासून पाठ आहे. स्वतः केलेलं, दुसऱ्याकडून करवलेलं आणि केल्यावर बरं वाटलेलं, तिन्ही आपल्याच खात्यात. मेकॅनिकच्या हातून झालेलं ते "करवलेलं" नाही तर काय? यंदा मी स्वतः वर गेले तेव्हा तसंच एक घर दांड्याच्या खालच्या अंगाला होतं. एलएनबीच्या तोंडावर नव्हतं, त्यामुळे सिग्नलला त्याचा काही त्रास नव्हता. ते तसंच राहू दिलं. आता वैशाखात एकदा छत्री बघून घ्यायची, म्हणजे घरं बांधायच्या आधीच जाळीचं वगैरे बघता येईल, असं ठरवलंय. स्वतः वर गेल्याशिवाय हे कळलं नसतं.

माझ्या माहेरची गंमतही सांगते. शिरोळ तालुक्यात. तिथे महिन्याचं भाडं नसलेली दूरदर्शनची फ्री डिश आहे. एका मार्चमध्ये तीन-चार दिवस रोज सकाळी सव्वाअकराच्या सुमारास चित्र जायचं आणि थोड्या वेळात परत यायचं. वहिनीनं मेकॅनिक बोलावला. तो संध्याकाळी आला, सगळं व्यवस्थित चाललं होतं, तरी त्यानं छत्री थोडी इकडेतिकडे केली आणि पैसे घेतले. दोष कशाचाच नव्हता. हे उपग्रह विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६ हजार किलोमीटरवर असतात आणि पृथ्वीबरोबर फिरत असल्यामुळे आपल्याला एका जागी स्थिर दिसतात. फ्री डिशचा जीसॅट-१५ हा नोव्हेंबर २०१५ मध्ये सोडलेला उपग्रह, ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे. वर्षातून दोनदा, आपल्याकडे मार्चच्या मध्याला आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला, सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागे येतो. सूर्याच्या लहरींत उपग्रहाचा बारीक आवाज बुडून जातो. काही मिनिटं थांबलं की झालं. आपण तिथी, पक्ष, सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळा पाळणारी माणसं. सूर्यास्ताआधी जेवण उरकायला आपल्याला घड्याळ लागत नाही. मग सूर्याचं हे एवढं येणं-जाणं आपल्याला अवघड का वाटावं?

पावसाचंही तसंच. छत्रीवर येणाऱ्या लहरी इतक्या आखूड असतात की पावसाचे थेंब त्यांना शोषतात आणि विखुरतात. धो-धो पावसात चित्र जाणारच, पाऊस ओसरला की येतं. पण साध्या भुरभुरीलाही चित्र जात असेल तर दोष पावसाचा नाही. छत्री थोडी हललेली आहे, किंवा पिन खराब व्हायला लागली आहे, आणि कोरड्या हवेत कसंबसं निभावतंय. भुरभुर फक्त तुमचा दोष दाखवते.

छत्री का हलते? वारा, माकडं, सैल नट. आणि आपण! कितीजणींनी कपडे वाळत घालायची दोरी छत्रीच्या खांबाला बांधली आहे, हात वर करा. मीही बांधली होती. ओल्या चादरींच्या ओझ्यानं खांब बोटभर कलला तरी ३६ हजार किलोमीटरवर नेम चुकतो. आपल्या भागात छत्रीचं तोंड साधारण आग्नेयेकडे असतं. आग्नेय म्हणजे आपल्या वास्तूतली चुलीची दिशा, लक्षात ठेवायला सोपी. त्या बाजूला जवळच शेवग्याचं किंवा नारळाचं झाड वाढलं असेल तर तेही बघा. आणि एक सोपा उपाय: सगळं छान चालू असताना खांबावर आणि छत्रीच्या पकडीवर आरपार एक रेघ नेलपॉलिशनं ओढून ठेवा. उद्या हलली तर रेघ तुटलेली दिसेल, आणि परत कुठे आणायची तेही कळेल. हलवताना अगदी तसूभर हलवायची आणि खाली टीव्हीसमोर बसलेल्या माणसाला विचारायचं, कारण बॉक्सला सिग्नल ओळखायला काही सेकंद लागतात.

हे लिहिताना मला विक्रम साराभाई आठवतात. अहमदाबादच्या जैन घराण्यातले. आपल्या समाजातल्या सभांमध्ये त्यांचं नाव किती अभिमानानं घेतात! खेड्यांपर्यंत उपग्रहावरून शिक्षण पोहोचावं, हे त्यांचं स्वप्न होतं. त्यासाठीचा करार १९६९ मध्ये झाला. १९७१ मध्ये ते गेले, पण १९७५-७६ मध्ये वर्षभर तो प्रयोग झाला. सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांत, त्यात आपल्या शेजारच्या कर्नाटकातलीही खेडी होती, उपग्रहावरून थेट कार्यक्रम दिसले. त्यासाठीच्या छत्र्या कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीच्या होत्या. इतक्या साध्या वस्तूंतून हे उभं राहिलं. आणि त्यांचं नाव अभिमानानं घेणाऱ्या आपण, पन्नास वर्षांनंतर, दहा रुपयांच्या पिनेला हात लावायला घाबरतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. नात्यातल्या एका काकूंचे यजमान गेले. डिशचं कनेक्शन त्यांच्या नावावर, मोबाइल नंबर त्यांचा, तो नंबर पुढे बंद झाला. रिचार्ज कुठे करायचा, ग्राहक क्रमांक काय, तक्रार कशी करायची, काकूंना काहीच माहीत नव्हतं. तक्रार करायला गेलं की ओटीपी त्या बंद नंबरवर. चार महिने टीव्ही बंद होता. त्या एकट्या घरात, चार महिने, संध्याकाळी कुणाचाही आवाज नाही. लोक म्हणायचे, किती विरक्त झाल्या! त्या विरक्त नव्हत्या. त्यांच्याकडे नंबर नव्हता.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे. या रविवारी बॉक्सच्या मेनूत जाऊन त्या दोन पट्ट्या बघा आणि चांगल्या दिवशी त्या किती असतात ते लिहून ठेवा. ग्राहक क्रमांक वहीत लिहा, तुमचा मोबाइल नंबर कनेक्शनला जोडून घ्या. दोरी खांबावरून सोडा. छत्री उतरत्या कौलांवर किंवा उंच खांबावर असेल, गच्ची ओली असेल, आभाळात वीज असेल, तर वर जाऊ नका, तिथे मेकॅनिकलाच बोलवा आणि त्याचे पैसे आनंदानं द्या. पण काय बिघडलंय ते त्याला तुम्ही सांगा. तो काय करतोय ते उभं राहून बघा, आणि "फवारा मारू नको रे बाबा" हेही सांगा.

पुढच्या वर्षी मला खरोखर टीव्हीचा त्याग करायचा आहे, निदान दशलक्षणात, सासूबाईंच्या प्रवचनाचा तास सोडून. नियम घेताना छत्री, वायर आणि पिन, सगळं ठणठणीत असेल. तेव्हा त्या काकूंनाही सांगेन.

माझ्या बोलण्यानं कुणाचं मन दुखावलं असेल तर उत्तम क्षमा.

जय जिनेंद्र.